नर उंदराचे आनुवंशिक वंध्यत्व आणि प्रयोगशाळेतील गर्भधारणा: आधी अडथळा शोधा, मग सुई हाती घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतील एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीकडे एक जनुक नॉकआउट केलेली, म्हणजे ते मुद्दाम निकामी केलेली, उंदरांची लाइन (पिढ्यांमागून पिढ्या जपलेला वंश) आहे. होमोझायगस (त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेले) नर माद्यांशी व्यवस्थित समागम करतात, सकाळी योनीत प्लगही (समागमाची खूण असलेली वीर्याची गुठळी) दिसतो, परंतु पिल्ले होत नाहीत. अधिवृषणात (वृषणालगतच्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीत) शुक्राणू सापडतात. मात्र ते संख्येने कमी आणि चालीने मंद आहेत. इक्सीसारख्या, म्हणजे शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या, तंत्राने या नरांपासून पिल्ले मिळतील का, त्यासाठी प्रयोगशाळेत काय लागेल, आणि पिल्ले मिळालीच तर 'या जनुकामुळे येणारे वंध्यत्व दूर करता येते' असे प्रबंधात लिहिता येईल का, असे तीन प्रश्न तिने विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर बहुधा 'हो' असे आहे. तिसऱ्याचे उत्तर या शब्दांत तरी 'नाही' असे आहे, कारण सहाय्यक प्रजनन तंत्र जनुकातला दोष दुरुस्त करत नाही. ज्या पायरीवर शुक्राणू अडतो ती पायरी ओलांडून त्याला पुढे नेऊन ठेवते. त्यामुळे कोणते तंत्र वापरायचे हे यंत्रसामग्रीवर ठरत नाही, तर शुक्राणू नेमका कुठे अडतो यावर ठरते. माझ्या पुढच्या सगळ्या सांगण्याचा आधार हाच आहे.

त्याआधी एक शंका. तुम्हाला केवळ लाइन चालू ठेवायची असेल तर इक्सीची गरजच नाही. दोष ऑटोसोमवरचा (लिंग गुणसूत्रांखेरीज इतर गुणसूत्रावरचा) आणि अप्रभावी असेल, तर हेट (एकच प्रत बिघडलेला) नर आणि हेट मादी यांच्या संकरातून साधारण एक चतुर्थांश पिल्ले होमोझायगस मिळतात. आणि होमोझायगस माद्या प्रजननक्षम असतील तर त्यांचा हेट नराशी संकर करून हे प्रमाण निम्म्यावर नेता येते. एवढ्यासाठी मायक्रोमॅनिप्युलेटरसमोर (सूक्ष्म सुई हलवणाऱ्या यंत्रासमोर) महिनोन्महिने घालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी त्यांना वेळीच थांबवायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. खरी गरज पडते ती वेगळ्या प्रसंगी. प्रोटामीन जनुकांचे, म्हणजे शुक्राणूत डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे, उदाहरण घ्या. 2001 मधल्या अभ्यासात प्रोटामीन 1 किंवा प्रोटामीन 2 यांपैकी एकाची एक प्रत गेलेले नर वंध्य निघाले, जरी प्रोटामीन 2 च्या नंतरच्या लाइनींत तसे दिसले नाही. अशा वेळी हेट नरच निरुपयोगी ठरतो आणि संकराचा सोपा मार्ग बंद होतो. वाय गुणसूत्रावरील दोष, अतिरिक्त लिंग गुणसूत्र असलेले नर, किंवा लाइनीचा एकमेव फाउंडर (मूळ) नर वंध्य निघणे हे असेच प्रसंग. एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाची गोष्ट थोडी गंमतीची आहे. वाहक माद्यांपासून लाइन सहज चालते, परंतु त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली मादी हवी असेल तर एक बिघडलेला एक्स वडिलांकडूनच यावा लागतो, आणि ते वडील तर वंध्य असतात. तिथे सहाय्यक प्रजननाला पर्याय उरत नाही.

तुमच्या बाबतीत चौथे कारण लागू पडते आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे: हे तंत्र निदानाचे साधन म्हणून वापरणे. कोणत्या पायरीवर मदत केल्यावर पिल्ले होतात आणि कोणत्या पायरीवर होत नाहीत, यावरून जनुकाचे काम कुठे आहे ते कळते.

म्हणून थेट सुई हाती घेऊ नका. आधी साधे आयव्हीएफ, म्हणजे बशीतले फलन, करा, आणि तेही दोन प्रकारे करा: एकदा क्युम्युलस पेशींच्या वेढ्यातल्या स्त्रीबीजांवर आणि एकदा हायलुरोनिडेज या विकराने त्या पेशी काढून टाकलेल्या स्त्रीबीजांवर. हा फरक किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. एडीएएम3 हे प्रथिन नसलेल्या किंवा त्याची घडण तपासणारे पीडीआयएलटी नसलेल्या नरांचे शुक्राणू गर्भाशय आणि बीजवाहिनी यांच्या सांध्यातून पुढे सरकत नाहीत, आणि उघड्या झोना पेल्युसिडाला, म्हणजे स्त्रीबीजाभोवतीच्या पारदर्शक कवचाला, चिकटतही नाहीत. कवचाला न चिकटणे हेच वंध्यत्वाचे कारण असावे, असे बरीच वर्षे धरले जात होते. परंतु हेच शुक्राणू क्युम्युलस पेशींसह असलेल्या स्त्रीबीजांसोबत बशीत ठेवले की फलन होते. म्हणजे खरा अडथळा मादीच्या शरीरातल्या त्या अरुंद सांध्यापाशी होता. अशा नरासाठी साधे आयव्हीएफ पुरते. इक्सी करणे म्हणजे विनाकारण खर्च, आणि निष्कर्षही धूसर होतो.

क्युम्युलस असूनही फलन झाले नाही, तर आम्लधर्मी टायरोड द्रावणाने झोना काढून टाका आणि पुन्हा पाहा. कॅटस्पर1 नसलेल्या उंदरांचा 2001 मधला अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहे. शेपटीतली ही कॅल्शियमची वाहिनी नसली की शुक्राणू पोहतात, पण शेवटच्या टप्प्यात लागणारा जोरदार झटका त्यांना देता येत नाही, त्यामुळे नर पूर्ण वंध्य असतात. झोना काढलेल्या स्त्रीबीजात मात्र ते शिरू शकले. तुमच्या शुक्राणूंची चाल मंद आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा हा प्रयोग तुमच्यासाठी सर्वांत बोलका ठरेल असा माझा अंदाज आहे. इझुमो1 ची कथा याच्या नेमकी उलट आहे. ओसाका विद्यापीठातील ओकाबे यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवले की इझुमो1 नसलेला शुक्राणू झोना भेदून आत जातो, पण स्त्रीबीजाच्या पटलाशी एकरूप होऊ शकत नाही. त्यामुळे झोना काढूनही उपयोग होत नाही. तोच शुक्राणू इक्सीने आत सोडला की पिल्ले जन्मतात. एकाच तऱ्हेच्या 'प्लग आहे, पिल्ले नाहीत' या लक्षणामागे तीन अगदी वेगळे दोष असू शकतात, ते असे.

प्रत्येक वेळी त्याच दिवशी, त्याच माद्यांच्या स्त्रीबीजांवर वाइल्ड टाइप (जनुकात बदल नसलेल्या) नराच्या शुक्राणूंचे कंट्रोल ठेवा. कंट्रोलमध्ये 24 तासांनी पुरेसे दोन पेशींचे भ्रूण दिसले नाहीत तर तुमच्या नराविषयी त्या दिवशी काहीही म्हणता येत नाही.

आता इक्सीकडे वळू. माणसात या तंत्राने पहिली यशस्वी गर्भधारणा ब्रसेल्सच्या गटाने 1992 मध्ये नोंदवली, आणि उंदरात ते विश्वासार्ह व्हायला मात्र 1995 उजाडले. सहसा उंदरात आधी जमते आणि माणसात नंतर येते. इथे क्रम उलटा झाला, कारण उंदराचे स्त्रीबीज अतिशय नाजूक असते आणि माणसासाठी वापरली जाणारी टोकदार सुई घुसवली की ते फुटते. होनोलुलू येथे किमुरा आणि यानागिमाची यांनी सपाट टोकाची नळी आणि पिएझोचे (विजेवर थरथरणाऱ्या स्फटिकाचे) सूक्ष्म कंप वापरले. काही स्पंदनांनी झोनाला भोक पाडायचे, नळी पटलावर टेकवून ते खोलवर आत दाबायचे, आणि एका हलक्या स्पंदनाने पटल फोडून शुक्राणूचे डोके आत सोडून नळी हळूच मागे घ्यायची. शेपूट लागत नाही. उंदरात डोके शेपटीपासून वेगळे करूनच टोचण्याची पद्धत आहे. मूळ पद्धतीत मायक्रोस्कोपचा मंच 17 ते 18 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवला होता, कारण थंडाव्यात टोचलेले स्त्रीबीज अधिक टिकते. मुंबईच्या मे महिन्यात खोलीचे एसी आणि मंच थंड ठेवणारे उपकरण यांपैकी एकावरच भिस्त ठेवून चालत नाही.

पूर्वतयारी ठरलेली आहे. मादीला स्त्रीबीजे वाढवणारे संप्रेरक पीएमएसजी 5 आययू, 46 ते 48 तासांनी ती सुटावीत म्हणून एचसीजी 5 आययू, आणि त्यानंतर साधारण 13 ते 16 तासांनी स्त्रीबीजे गोळा करायची. हात बसेपर्यंत बी6डी2एफ1 या संकरित माद्या वापरा, कारण त्यांची स्त्रीबीजे सोशिक असतात. सी57बीएल/6 या शुद्ध वंशावर शिकायला बसलात तर दोष तंत्राचा की हाताचा हे कळणार नाही. मात्र संकरित स्त्रीबीजापासून जन्मलेल्या पिल्लांची आनुवंशिक पार्श्वभूमी मिश्र होते, हे विसरू नका. फेनोटाइप (दिसणारी लक्षणे) पार्श्वभूमीनुसार बदलत असेल तर ती पिल्ले अभ्यासात घेता येणार नाहीत, किंवा पुन्हा बॅकक्रॉस (मूळ वंशाशी वारंवार संकर) करावे लागेल.

नळीच्या टोकाजवळ पारा भरला की पिएझोचा झटका नेमका बसतो. पाऱ्याऐवजी फ्लुओरिनर्ट चालते, आणि पाऱ्याच्या विषारीपणाचा विचार करता मी नव्या माणसाला तेच सुचवतो. मायक्रोस्कोपखालचे कंपरोधक टेबल ही चैन समजू नये. परळसारख्या भागात एका बाजूला मध्य आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वे, त्यात सतत चालणारी बांधकामे. जलद गाडी गेली की सुईचे टोक थरथरलेले दिसते. कंपनांचा आणि आवाजाचा त्रास माद्यांनाही होतो. लालबाग-परळमध्ये कॉलनी असेल तर भ्रूण प्रत्यारोपणाचे वेळापत्रक असे आखा, की प्रसूती गणेशोत्सवाच्या दिवसांत येणार नाही. भेदरलेली आई नवजात पिल्ले खाऊन टाकते, आणि इक्सीच्या मोजक्या पिल्लांच्या बाबतीत हे नुकसान भरून येत नाही.

टोचलेली स्त्रीबीजे केएसओएम किंवा सीझेडबी माध्यमात वाढवून दोन पेशींच्या अवस्थेत छद्मगर्भी मादीच्या बीजवाहिनीत सोडतात. त्यासाठी नसबंदी केलेल्या नराशी समागम झालेली, प्लग दिसलेली मादी लागते. गर्भ एक-दोनच असतील तर ते मोठे होतात आणि प्रसूती अडते. अशा वेळी साधारण एकोणिसाव्या दिवशी शस्त्रक्रियेने पिल्ले काढून त्याच सुमारास व्यालेल्या धात्री मादीकडे सोपवावीत.

टोचूनही स्त्रीबीज विभागले नाही, तर शुक्राणूचे केंद्रक वाईट आहे असा निष्कर्ष घाईने काढू नका. फलनानंतर स्त्रीबीजात कॅल्शियमच्या लाटा उसळाव्या लागतात, आणि त्या उठवणारा घटक, म्हणजे पीएलसी झीटा, शुक्राणू स्वतःसोबत आणतो. 2002 मध्ये त्याची ओळख पटली. गोल डोक्याच्या, ॲक्रोसोम (डोक्यावरची विकरांची पिशवी) नसलेल्या शुक्राणूंत, उदाहरणार्थ डीपीवाय19एल2 हे जनुक नसलेल्या नरांत, हा घटक कमी असतो किंवा नसतोच. तेव्हा इक्सीनंतर स्त्रीबीजे कॅल्शियमविरहित माध्यमात स्ट्रॉन्शियम क्लोराइड घालून कृत्रिमरीत्या जागवावी लागतात. स्ट्रॉन्शियमचा हा गुण उंदरात उत्तम चालतो. माणसाची स्त्रीबीजे त्याला तसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून वंध्यत्व उपचार केंद्रांत कॅल्शियम आयनोफोर वापरतात. जागवूनही भ्रूण अडले, तरच केंद्रकाच्या गुणवत्तेकडे, डीएनएच्या तुटण्याकडे बोट दाखवता येते. प्रोटामीन अपुरे असलेल्या शुक्राणूंत नेमके तेच घडते.

तुमच्या नरांत शुक्राणू आहेत, म्हणून तुमचे काम इथे संपू शकते. पण प्रश्न सर्वसाधारण स्वरूपाचाही असल्याने शुक्राणूच तयार होत नाहीत अशा नरांविषयी सांगणे गरजेचे आहे, आणि या विषयातला सर्वांत समृद्ध भाग तोच आहे.

अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे) पूर्ण झाले आणि गोल स्पर्मॅटिड (शेपूट न फुटलेली अपक्व शुक्राणूपेशी) बनल्यावर वाढ थांबली, तर त्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि तेवढे भ्रूणासाठी पुरते. ओगुरा, मात्सुदा आणि यानागिमाची यांनी 1994 मध्ये गोल स्पर्मॅटिड विजेच्या झटक्याने स्त्रीबीजाशी जोडून पिल्ले मिळवली. नंतर ते पिएझोने टोचणे रूढ झाले, आणि त्याला रोसी म्हणतात. उंदराचा गोल स्पर्मॅटिड स्त्रीबीजाला स्वतः जागवू शकत नाही, म्हणून इथेही स्ट्रॉन्शियम लागते, आणि यशाचे प्रमाण इक्सीपेक्षा कमी असते. तरीही याच तंत्राने हवाई विद्यापीठातील मोनिका वॉर्ड यांच्या गटाने 2014 मध्ये एक थक्क करणारी गोष्ट दाखवली: संपूर्ण वाय गुणसूत्र नसलेल्या, त्याऐवजी एसआरवाय आणि ईआयएफ2एस3वाय ही दोनच जनुके असलेल्या नरांच्या स्पर्मॅटिडांपासून पिल्ले जन्मली. 2016 मध्ये त्यांनी वाय गुणसूत्रावरचे एकही जनुक न वापरता, सॉक्स9 आणि ईआयएफ2एस3एक्स यांची अभिव्यक्ती वाढवून तेच साधले. या नरांना स्वतःहून संतती होऊ शकली नसती. वाय गुणसूत्रावरची बाकीची जनुके परिपक्व शुक्राणू आणि नैसर्गिक फलन यांसाठी लागतात, आणि ती गरज रोसीने बाजूला सारली. तंत्राने काय ओलांडले हे पाहून जनुकांचे काम कसे उमगते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

स्पो11 सारख्या जनुकांच्या दोषात मात्र पेशी अर्धसूत्री विभाजनातच मरतात. टोचण्याजोगे काहीच उरत नाही, आणि कितीही कुशल हात असला तरी इलाज चालत नाही. अशा वेळी मागे, मूळ पेशींकडे जावे लागते.

दोष बीजपेशींचा आहे की त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशींचा, हा तिथला कळीचा प्रश्न. ब्रिन्स्टर यांच्या गटाने 1994 मध्ये शुक्राणूंच्या मूळ पेशी एका उंदराच्या वृषणातून काढून दुसऱ्याच्या वृषणात रुजवून दाखवल्या. पुढे 2000 मध्ये याच तंत्राने दोन वंध्य उंदीर एकत्र आणले गेले. स्टील नावाच्या उत्परिवर्ती नरात बीजपेशी चांगल्या असतात, पण किट लिगँड हे प्रथिन नसल्याने त्यांच्या आजूबाजूच्या पेशी त्यांना पोसत नाहीत. डब्ल्यू उत्परिवर्ती नरात आसरा चांगला असतो, पण बीजपेशी टिकत नाहीत. पहिल्याच्या बीजपेशी दुसऱ्याच्या वृषणात सोडल्यावर शुक्राणू तयार झाले आणि पिल्लेही झाली. 2002 मध्ये जपानी गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले: स्टील नराच्या सर्टोली पेशींत ॲडेनोव्हायरसने किट लिगँडचे जनुक पोहोचवले, तयार झालेल्या बीजपेशी स्त्रीबीजात टोचून पिल्ले मिळवली, आणि त्या पिल्लांत विषाणूचे जनुक शिरलेले नव्हते. इथे उपचार बापाच्या सर्टोली पेशींवर होतो, बीजपेशींच्या जनुकसंचाला धक्का लागत नाही; म्हणूनच ही वाट मला इतरांपेक्षा अधिक आश्वासक वाटते. 2025 मध्ये ओसाकाच्या इकावा यांच्या गटाने विषाणूही टाळला. अर्धसूत्री विभाजनात अडलेल्या पीडीएचए2 नॉकआउट नरांच्या वृषणांत लिपिड नॅनोकणांतून एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची नक्कल) सोडून त्यांनी शुक्राणू मिळवले आणि इक्सीने पिल्ले जन्माला आणली. एमआरएनए काही काळाने विघटित होते, म्हणून ही मदत तात्पुरती असते आणि जनुकसंचात काही मागे राहत नाही.

गुणसूत्रच जादा असेल तर? 2017 मध्ये लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधील जेम्स टर्नर यांच्या गटाने एक्सएक्सवाय आणि एक्सवायवाय नरांच्या संयोजी ऊतीतील पेशींचे पुनर्प्रोग्रामिंग केले, म्हणजे त्यांना पुन्हा मूळ पेशी बनवले. त्या प्रक्रियेत काही पेशींतून जादा गुणसूत्र आपोआप गळून पडले, आणि त्या एक्सवाय पेशींपासून अखेर शुक्राणू व प्रजननक्षम पिल्ले मिळाली. इथे दोष खरोखरच नाहीसा झाला, एवढे या पद्धतीचे वेगळेपण. मूळ पेशींत क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने दुरुस्ती करून रोसीने निरोगी पिल्ले मिळवल्याचे कामही 2015 मध्ये झाले आहे, पण ते मोतीबिंदूच्या जनुकावर होते, वंध्यत्वाच्या नव्हे.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या नराच्या इक्सीने झालेली सर्व पिल्ले किमान हेट असतील, आणि मादी हेट घेतलीत तर साधारण निम्मे नर वडिलांसारखेच वंध्य निघतील. प्रबंधात 'या जनुकाच्या अभावी शुक्राणूंचे अमुक कार्य थांबते, परंतु केंद्रक पूर्ण विकासास समर्थ असते' असे लिहा. ते अचूक आहे आणि त्यासाठी तुमच्याकडे पुरावा असेल. माणसावर उडी मारताना तर दुप्पट सावध राहा. उंदराच्या भ्रूणात पेशीविभाजनाचे केंद्र, सेंट्रोसोम, स्त्रीबीजाकडून येते, तर माणसात ते शुक्राणू आणतो. शुक्राणूच्या मानेतला दोष उंदरात इक्सीने सहज ओलांडता येईल आणि माणसात तोच दोष भ्रूणाचे पहिले विभाजनच रोखील, असे होऊ शकते. याच परळमध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत आजच्या एनआयआरआरसीएच या प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचे प्रयोगशाळेतले काम होते. पुढे या शहरात पुरुष वंध्यत्वावर इक्सी सर्रास होऊ लागली आहे, आणि वाय गुणसूत्रावरील, शुक्राणूनिर्मितीला लागणारा एझेडएफसी भाग गळालेल्या पुरुषाला इक्सीने मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडे जातो, हे जोडप्याला आधी सांगावे लागते. बीजपेशींच्या जनुकसंचात बदल करून मूल जन्माला घालण्यास आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. तेव्हा क्रिस्परच्या कामाला 'उपचार' म्हणण्याआधी तेही नमूद करा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. तुमची कॉलनी खारघरला आणि मायक्रोमॅनिप्युलेटर परळला, अशी स्थिती असेल तर जिवंत नर गाडीत घालून आणू नका. अधिवृषणाचा काऊडा (शेपटीकडचा) भाग थंड माध्यमात, 4 अंशांच्या आसपास ठेवून आणा. योग्य माध्यमात असे शुक्राणू दोन-तीन दिवसही फलनक्षम राहतात. मात्र तुमच्या मंद चालीच्या शुक्राणूंवर थंडाव्याचा वेगळा परिणाम होऊ शकतो, म्हणून आयव्हीएफच्या तुलनेसाठी ताजेच वापरा, आणि वाहून आणलेले इक्सीसाठी ठेवा. तिथे चाल लागतच नाही. इक्सीला शुक्राणू जिवंत असण्याचीही गरज नसते. 1998 मध्ये वाकायामा आणि यानागिमाची यांनी गोठवून वाळवलेल्या, नेहमीच्या अर्थाने मृत शुक्राणूंपासून पिल्ले मिळवली होती. तेव्हा नर म्हातारे होण्याआधी त्यांचे शुक्राणू आणि वृषणाचे तुकडे आजच गोठवून ठेवा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे तुमच्या बी फॉर्ममध्ये (प्राण्यांवरील प्रयोगाच्या अर्जात) फक्त प्रजनन आणि ऊती गोळा करणे एवढेच मंजूर असेल, तर संप्रेरकांची इंजेक्शने, नरांची नसबंदी, बीजवाहिनीत भ्रूण सोडण्याची शस्त्रक्रिया, भूल आणि वेदनाशामके यांसाठी वेगळी मंजुरी लागेल, आणि धात्री माद्यांची संख्याही त्यात धरावी लागेल. झोना काढलेल्या स्त्रीबीजांचा प्रयोग बशीतच संपतो, त्याला नसबंदी केलेले नर किंवा प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया लागत नाही. म्हणून संप्रेरकांच्या मंजुरीचा अर्ज आधी द्या, आयव्हीएफचे तिन्ही प्रकार पूर्ण करा, आणि त्यांचे निकाल जोडूनच इक्सीचा अर्ज करा. माद्यांची संख्या का लागते हे मग समितीला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.